जीबीएसच्या धास्तीने आईला सारख्या मुंग्या येतात, घरी तिला कसं सांभाळू?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात धायरीत राहता, आजूबाजूला जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते तो आजार) रुग्ण निघाल्यापासून आई दिवसभर बातम्या लावून बसते, रात्री झोपत नाही, आणि दर थोड्या वेळाने "पायातलं बळ गेलं का गं माझ्या, बघ ना" असं विचारते.

या साथीची अवघड गोष्ट अशी, की मुंग्या हे जीबीएसचंही लक्षण आहे आणि घाबरण्याचंही. भीतीने माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना झिणझिण्या येतात, डोकं हलकं होतं. म्हणजे आईला जाणवतंय ते खरंच जाणवतंय. "सगळे मनाचे खेळ आहेत" असं घरात कोणीही म्हणू नका. मुंग्या त्याने थांबत नाहीत, उलट आई पुढच्या वेळी सांगायचंच बंद करते, आणि ते जास्त धोक्याचं.

भीतीच्या मुंग्या काही मिनिटांत चढतात आणि बहुतेक वेळा तासाभराच्या आत उतरतात. जीबीएसमध्ये महत्त्वाचा असतो तो अशक्तपणा. तो सहसा दोन्ही पायांत सुरू होतो, दिवसागणिक, कधी तासागणिक वर चढतो आणि स्वस्थ बसून ओसरत नाही. बरेचदा त्याआधी काही दिवस ते काही आठवडे जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेलेला असतो. घरी एवढंच पाहा: हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, रोजच्या पायऱ्या रोजच्यासारख्या चढता येतात का, आणि तुमचा हात धरून टाचांवर चार पावलं टाकता येतात का. कालपर्यंत जमणारं आज जड जात असेल, तर त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. गिळताना ठसका, चेहरा ढिला पडणं, धाप लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट आपत्कालीन विभागात.

ही पाहणी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, ठरलेल्या वेळी. वहीत तारीख घालून "उठली, चढली, चालली" असं लिहून ठेवा. मधल्या वेळात तिने विचारलं तर पहिल्यांदा प्रेमाने उत्तर द्या, पुढच्या वेळी "सहाला बघू, सकाळचं वहीत आहे" एवढंच म्हणा. पाय खरंच उचलेना किंवा श्वास लागतोय असं म्हणाली, तर मात्र सहाची वाट बघायची नाही. एरवी घरचे चुकतात ते इथेच: तिला बरं वाटावं म्हणून दहादा पाय तपासून देतात. दर वेळी घटकाभर दिलासा मिळतो आणि शंका परत येते, कारण लक्ष सतत पायाकडे ठेवलं की एरवी न कळणारी बारीक संवेदनाही मोठी वाटते.

मुंग्या चढल्या की तिला "दीर्घ श्वास घे" सांगू नका, त्याने त्या वाढतात. सोडायचा श्वास लांबवायचा. नाकाने चार आकड्यांत हळूच आत, सहा आकड्यांत बाहेर, असं पाच मिनिटं. तुम्हीही सोबत करा, आकडे तुम्ही मोजा. तोंडावर कागदी पिशवी धरू नका. त्रास खरोखर फुप्फुसाचा किंवा हृदयाचा असेल तर तेवढ्याने ऑक्सिजन खाली जातो.

एकदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे मात्र नक्की न्या. मधुमेह असेल, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल किंवा आहार पूर्ण शाकाहारी असेल, तर साखर आणि बी-१२ तपासून घ्या. साथीच्या आधीपासूनच्या कितीतरी मुंग्यांचं मूळ तिथे निघतं.

बातम्या दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, संध्याकाळी सातनंतर नाहीत. सोसायटीचा व्हॉट्सॲप गट तुम्ही वाचा आणि कामाचं तेवढंच तिला सांगा. त्यात हे नक्की सांगा: जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. पाण्यातून किंवा अन्नातून होतो तो पोटाचा संसर्ग, आणि तो झालेल्यांपैकी फार थोड्यांना पुढे हा आजार होतो.

भीतीला करण्यासारखं एक काम दिलं की ती थोडी आवरते. पिण्याच्या पाण्याची जबाबदारी आईकडेच द्या: खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळायचं, झाकून गार करायचं, दांड्याच्या ओगराळ्याने काढायचं, आणि दात घासायलाही तेच पाणी. यापलीकडे तीनदा उकळणं, भाजी तासभर भिजवणं सुरू झालं तर तिथे थांबवा.

झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की ठेवा, दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत, चारनंतर चहा नको. शेजाऱ्यांकडची किंवा घरात उरलेली झोपेची गोळी देऊ नका. या वयात त्याने तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो आणि सकाळचा सुस्तपणा तिला अशक्तपणाच वाटेल.

दोन आठवड्यांत फरक नसेल, जेवण सुटलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. "मी गेलेलीच बरी" असं बोलली तर त्याच दिवशी, आणि तोवर तिला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतः थकलात तर तुम्हालाही तिथे फोन करता येतो.