ऐंशी पूर्ण झाली तरी फौजेची पेन्शन तेवढीच का?

तुम्ही विचारलंय: तुमचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, मार्चमध्ये ८० पूर्ण झाली, तरी पेन्शन एक रुपयाने हलली नाही. तुम्हाला कोणीतरी सांगितलं की ऐंशीला मिळणारी वाढ 'वन रँक वन पेन्शन'मध्येच आली. साफ चूक. वन रँक वन पेन्शन हुद्दा आणि सेवेची वर्षं बघते. १ जुलै २०१४ पासून लागू आहे, दर पाच वर्षांनी फेरआढावा होतो. वयाची वाढ वेगळी. ८० ला मूळ पेन्शनच्या २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला पूर्ण १०० टक्के. मूळ पेन्शन २०,००० असेल तर आत्ता ४,००० वाढतील, त्यावर महागाईपोटी मिळणारा डीआर (महागाई दिलासा) वेगळा. वाढदिवस महिन्याच्या कुठल्याही तारखेला असो, हिशेब त्या महिन्याच्या १ तारखेपासून.

यासाठी अर्ज लागत नाही. पण यंत्रणा नोंदीतली जन्मतारीख बघते आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. आपल्याकडे गुरुजींनी शाळेत टाकलेली १ जून आधारवर असते आणि भरतीच्या कागदावर भलतीच. म्हणून आधी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), फौजेतून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक आणि स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवरचं प्रोफाइल शेजारी ठेवून तिन्हींतली तारीख बघा. तिन्ही जुळत असतील तर स्पर्शवर तक्रार टाका. मागची थकबाकीही मागा. तारीखच चुकली असेल तर काम बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसचं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र घालून घेतलंत तर सोपं जातं.

आता न विचारलेलं सांगतो, कारण माझ्या मते खरं काम हेच आहे. आईचं नाव आणि जन्मतारीख पीपीओत आहे का? जुन्या पीपीओत कित्येकदा बायकोची जन्मतारीखच नसते, नाव असलं तर माहेरच्या हाकेचं: कागदावर 'बायजाबाई', आधारवर 'विजया'. कुटुंब निवृत्तिवेतनालाही वयाची हीच वाढ मिळते, पण तिच्या वयावर. वडील आहेत तोवर त्यांच्या सहीच्या अर्जावर रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर (नोंदीतल्या बदलाचा लेखी आदेश) काढून दुरुस्ती करतं. नंतर त्याच दुरुस्तीसाठी म्हातारीला प्रतिज्ञापत्रं घेऊन हेलपाटे घालावे लागतात.

हयातीच्या दाखल्याला बोटांचे ठसे उमटत नसतील तर जीवन प्रमाण या ऑनलाइन दाखल्याच्या सरकारी सोयीचं चेहरा ओळखणारं ॲप वापरा, घरबसल्या होतं. तारखा जुळतात का ते बघून सांगा, तक्रारीचा मजकूर लिहून देतो.