लॉकर बसवला, शाफ्ट तुटला

प्रश्न : जुन्या जीपला ३३ इंची टायर आणि मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडून सारखीच फिरवणारा भाग) बसवलाय. मुळशीच्या चिखलात मागचा ॲक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तुटला. ४३४० क्रोमोली या मजबूत मिश्र पोलादाचा घेऊ का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : जरूर घ्या, आणि जोडीच घ्या. लॉकर लागला की पकड असलेल्या एकाच चाकाच्या शाफ्टवर जवळपास सगळा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, येतो, त्यात तुमचे टायर मोठे. तुटका तुकडा नीट बघा. स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या खाचा-दात्यांच्या, सरळ रेषा पिळलेल्या असतील तर शाफ्टला आधीपासूनच ताण झेपत नव्हता. ४३४० मध्ये निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असतं, पण हीट ट्रीटमेंट (पोलाद तापवून मजबूत करणं) कच्ची असेल तर पैसे पाण्यात. नाना पेठेत स्पेअर पार्ट आणायला जाताना जुना शाफ्ट सोबत न्या, स्प्लाइन मोजूनच घ्या. ॲक्सल सेमी-फ्लोटिंग (चाक थेट शाफ्टच्या टोकाला बसवलेलं) असेल तर गाडीचं वजनही शाफ्टच पेलतो. बेअरिंग-सील त्याच वेळी बदला.