लाकडी डावाची वाटी का तडकते?

प्रश्न : माझ्याकडे लहान लेथ आहे. आंब्याच्या ओल्या फांदीचे तुकडे त्यावर चढवून मी डाव करतो. दांडा सुबक येतो. मात्र कोरलेल्या वाटीला काही दिवसांतच कडेपासून भेग जाते आणि आतली एक बाजू कितीही घासली तरी खरखरीतच राहते. लाकूड बदलावे का? शेवटी तेल कोणते लावावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : लाकूड बदलण्याची घाई करू नये. भेगेचे कारण बहुधा अख्खी फांदी वापरण्यात आहे. वाळताना लाकूड गाभ्याकडून सालीकडे जितके आकसते, त्याच्या साधारण दुप्पट ते वर्षवलयांच्या दिशेने आकसते, आणि मधोमध गाभा राहिलेल्या तुकड्याला हा विषम ताण सोसत नाही. म्हणून जाड ओंडका घेऊन तो कुऱ्हाडीने उभा फोडावा व गाभ्यालगतचा भाग काढून टाकावा. करवतीपेक्षा फोडणे बरे, कारण फुटलेल्या पृष्ठभागावर तंतूंची दिशा स्पष्ट दिसते आणि ते दांड्याच्या लांबीने सलग ठेवता येतात. ओल्या लाकडाची वाटी कोरताना कड बोटभर जाड ठेवावी, डाव लाकडाच्या भुश्शात पुरून सावलीत सावकाश वाळवावा आणि मगच अंतिम जाडीला आणावा.

खरखरीतपणा हा हत्याराच्या दिशेचा दोष आहे. गोल पटाशी कडेकडून तळाकडे उतरत नेली की तंतू स्वच्छ कापले जातात. तीच तळ ओलांडून समोरच्या चढावर गेली की ती तंतू उचकटते, आणि उचकटलेले तंतू पॉलिश पेपरने केवळ दबतात, पहिल्या धुण्यात पुन्हा उभे राहतात. त्यामुळे तळाशी थांबावे, तुकडा फिरवावा आणि दुसऱ्या टोकाकडून उतरत यावे. अखेरचे घासण्यापूर्वी डाव एकदा ओला करून वाळू द्यावा.

क्रमही उलटा करून पाहावा. तुकडा चौकोनी असतानाच तो शिकंजात घट्ट बसतो, तेव्हा वाटी आधी कोरावी; पुढच्या टोकाशी लेथच्या आधारापुरते भरीव लाकूड राखून दांडा नंतर कातावा. वाटीच्या फिरत्या कडा बोटांना जबर लागतात, याचे भान असावे. लेथवर दांडा आणि वाटी एका सरळ रेषेत येतात, म्हणून असा डाव पिठले घाटायला चांगला, पण खोल पातेल्यातून आमटी वाढायला गैरसोयीचा. त्यासाठी मुळातच वाकलेली फांदी निवडून सारे काम हातानेच करावे, असे आमचे मत आहे. कातलेल्या दांड्याची शोभा त्यापुढे गौण होय.

तेल जवसाचे, खाण्याचे आणि घाण्याचे घ्यावे. ते हवेत हळूहळू घट्ट होते, शेंगदाण्याचे तसे होत नाही आणि पुढे खवट वास येतो. रंगाच्या दुकानातील ‘बॉइल्ड’ जवस तेलात लवकर सुकण्यासाठी बहुधा धातूंची संयुगे मिसळलेली असतात, ते टाळावे. तेल पुसलेली फडकी मात्र चुरगाळून ठेवू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.