बाईंना विचारा : लाल समुद्र, चार खुर्च्या आणि सासूबाईंचा प्रश्न

बाई, मी तुमचा जुना विद्यार्थी. नाव लिहीत नाही, कारण राज्यशास्त्रात काठावर पास झालो होतो. आता चार एकर द्राक्षबाग आहे. दोन हंगाम एजंट सांगतोय, "लाल समुद्रात गडबड आहे, भाडं वाढलंय, दर कमी धरा." टीव्ही लावला तर कुणीतरी ओरडत असतं आणि मागे विमानं उडत असतात. ही गडबड नीट सांगणारा कार्यक्रम कुठे लागतो? आणि एजंट खरं बोलतोय का? (पलूस)

तुझा दुसरा प्रश्न महत्त्वाचा, तो आधी घेते.

गडबड खरी आहे. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हूथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरनं एका मालवाहू जहाजावर माणसं उतरवून ते ताब्यात घेतलं. पुढे जहाजांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन. लाल समुद्राचं दक्षिणेकडचं दार म्हणजे बाब-अल-मंदेबची चिंचोळी सामुद्रधुनी, वरचं दार सुएझ कालवा. न्हावाशेव्यावरून युरोपला जाणारा माल याच दोन दारांतून जायचा. ते धोक्याचं झालं म्हणून बऱ्याच कंपन्यांनी जहाजं आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून न्यायला सुरुवात केली. त्यात दहा ते चौदा दिवस वाढले. इंधन वाढलं, विमा वाढला, गेलेला कंटेनर उशिरा परत येऊ लागला. द्राक्षाचं काय होतं ते मी तुला काय सांगू! कंटेनर थंड असला तरी देठ वाळायचा तो वाळतोच.

पण माल नेमका कुठे जातोय, हे एजंटला विचारलंस का? रॉटरडॅमला जात असेल तर त्याचं म्हणणं बरोबर. दुबईला जात असेल तर ते जहाज लाल समुद्राच्या वाटेला जातच नाही. अरबी समुद्रातून वर, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आत, की आलं. जेद्दाला जात असेल तर पुन्हा लाल समुद्र, आणि बांगलादेशला ट्रकनं जात असेल तर समुद्राचा संबंधच काय? कंटेनरची टंचाई आणि भाडेवाढ थोडीफार सगळीकडेच पोचते, तेवढं त्याला मान्य कर. पण युद्ध येमेनचं आणि कात्री पलूसची, असं होत असेल तर नकाशा घेऊन बस त्याच्यासमोर.

पहिला प्रश्न. यातली सामुद्रधुनीपर्यंतची गोष्ट मला संसद टीव्हीवरच्या चर्चेतून कळली, दुबईची मुलाच्या शाळेतल्या फाटक्या ॲटलसमधून. संसद टीव्हीवर 'पर्स्पेक्टिव्ह' नावाची चर्चा असते. डीडी इंडिया हे दूरदर्शनचं इंग्रजी बातम्यांचं चॅनेल, त्यावर परराष्ट्राचं बरंच असतं. डीडी फ्री डिशवर ही दोन्ही चॅनेलं महिन्याचे पैसे न भरता दिसतात. बोलणारा माणूस आपलं वाक्य पुरं करतो, एवढ्या एका गोष्टीसाठी मी ती बघते. अडचण एकच, बहुतेक इंग्रजीत. त्यावर पुढे लिहिलंय.

मॅडम, मी राज्यसेवा आणि यूपीएससी दोन्हींची तयारी करतो. क्लासचे सर म्हणतात, राज्यसभा टीव्हीचे जुने भाग बघ. रूममेट म्हणतो, सरकारी चॅनेल आहे, ते सरकारचंच सांगणार. कोणाचं ऐकू? (कराड)

दोघांचंही, पण अर्धं-अर्धं.

सरांनी सांगितलेले भाग म्हणजे 'इंडियाज वर्ल्ड', 'वर्ल्ड पॅनोरमा', हिंदीतलं 'देश देशांतर'. राज्यसभा टीव्ही २०११ साली सुरू झाला आणि २०२१ च्या सप्टेंबरात लोकसभा टीव्हीबरोबर विलीन होऊन संसद टीव्ही झाला. यूट्यूबवर जुने भाग सापडतात. जरूर बघ. मात्र २०१५ चा भाग बघून २०२६ चं उत्तर लिहू नकोस. दरवर्षी एक तरी पोरगं हे करतं.

आता रूममेटचं म्हणणं. संसद टीव्हीचा खर्च संसद करते. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती कागदावर स्वायत्त आहे (कायदा १९९० चा, अमलात यायला १९९७ उजाडलं), पण पगाराचा पैसा बहुतांश केंद्र सरकारच्या अनुदानातून येतो. ज्याच्या हाती पगार, त्याच्यावर किती जोरात बोलता येतं, हे मी अनुदानित कॉलेजात एकतीस वर्षं काढून चांगलं शिकले आहे. पण खाजगी चॅनेलला पगार जाहिरातवाला देतो, आणि जाहिरातवाल्याला ओरडा लागतो. तेव्हा फुकटचं आणि निर्मळ असं कुठे मिळेल, ही आशा सोड.

मी काय करते ते सांगते. वहीत चार खुर्च्या काढते. कोण बसलंय ते लिहिते: निवृत्त राजदूत, निवृत्त जनरल, एखाद्या अभ्यास संस्थेतला माणूस, एखादा पत्रकार. आणि मग पाचवी, रिकामी खुर्ची काढते. बांगलादेशावर चर्चा असेल तर ढाक्याचं कुणी आहे का? नेपाळवर असेल तर काठमांडूचं? बहुतेक वेळा ती खुर्ची रिकामीच राहते. निवृत्त राजदूत मला आवडतात, त्यांना खोलवर माहिती असते. पण चाळीस वर्षं मंत्रालयाची भाषा बोललेला माणूस निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी दुसरी भाषा बोलू लागत नाही. "आपण घडामोडींकडे बारकाईने पाहत आहोत" असं म्हणाले की मी समजते, ठरलेलं नाही किंवा सांगायचं नाही.

दुसरं, एकच घटना दोन देशांच्या सार्वजनिक चॅनेलवर बघ. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनवरच्या ठरावाला १४१ मतं पडली, विरोधात ५, तटस्थ ३५. भारत तटस्थ. त्या आठवड्यात मी आपलं सरकारी चॅनेल आणि जर्मनीचं सार्वजनिक चॅनेल डॉइच वेले आलटून पालटून लावत होते. तिकडे १४१ हा आकडा पुन्हा पुन्हा येत होता. इकडे तटस्थ राहण्यामागची कारणं आणि युक्रेनमध्ये अडकलेले विद्यार्थी, कारण डॉक्टरकीला गेलेली पोरं आपल्या गल्लीतली होती. खोटं कुणीच बोलत नव्हतं. खिडकी मात्र वेगवेगळ्या भिंतीला होती.

कराडात राहतोस म्हणून एक आठवण देते. यशवंतराव चव्हाण ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७७ परराष्ट्रमंत्री होते. त्यांच्या 'विरंगुळा' बंगल्यावरून तू रोज जात असशील. त्यांच्याच काळात, एप्रिल १९७६ मध्ये, पंधरा वर्षांच्या खंडानंतर चीनला पुन्हा राजदूत पाठवायचं ठरलं. के. आर. नारायणन गेले, तेच पुढे राष्ट्रपती झाले. आणि त्याच महिन्याच्या एक तारखेला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा माणूस चीनचं दार किलकिलं करत होता आणि आपल्या जिल्ह्यात ते बघायला टीव्ही नव्हता. शिवाय आणीबाणी होती, चार खुर्च्या मांडून चर्चा करायची सोयच नव्हती. मुलाखतीत कराडचा म्हटलं की यशवंतराव विचारतात. शिक्षणमंत्री होते असं सांगून आलेला एक विद्यार्थी मला माहीत आहे.

स.न. माझा मुलगा स्टुटगार्टला असतो. मागच्या वर्षी दोन महिने राहून आलो. तिथे रविवारी संध्याकाळी 'वेल्टश्पीगेल' नावाचा कार्यक्रम लागतो, फक्त परदेशातल्या गोष्टींचा. सून भाषांतर करायची. बोलिव्हियातल्या बाजारातल्या बाईवर पंधरा मिनिटं! आपल्याकडे असं, आणि तेही मराठीत, का नाही? (वाई)

काका, तुमचं पत्र वाचून मला आमच्या सासूबाई आठवल्या.

१९८८ पासून काही वर्षं दूरदर्शनवर आठवड्यातून एकदा रात्री 'द वर्ल्ड धिस वीक' लागायचं. बाहेरच्या कंपनीनं करून दिलेलं, पण दूरदर्शनवर दिसणारं. अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरकडे तोंड केलेली आमची अँटेना, आणि चित्राला मुंग्या आल्या की गच्चीवर जाऊन ती फिरवणारे आमचे हे. कार्यक्रम इंग्रजी. सासूबाई चौथी शिकलेल्या. त्या झोपायला जायच्या नाहीत, मला म्हणायच्या, "तू सांग मराठीत." मी सांगत बसायचे, आणि तेवढ्यात पुढची बातमी निघून जायची. बर्लिनची भिंत पाडतानाचं दाखवलं तेव्हा बराच वेळ बघून म्हणाल्या, "बांधायला पैसा कुणी घातला होता गं? आणि आता हे दगड कोण उचलणार?" मी एम.ए. झालेली, पण मला दोन्ही प्रश्न सुचले नव्हते. पुढची पंचवीस वर्षं शीतयुद्ध शिकवायला मी याच दोन प्रश्नांनी सुरुवात केली.

तर मराठीत का नाही. 'वेल्टश्पीगेल' १९६३ पासून चालू आहे. एआरडी या जर्मन सार्वजनिक वाहिनीचे स्वतःचे वार्ताहर जगभर बसलेले आहेत आणि त्यासाठी तिथलं जवळजवळ प्रत्येक घर महिन्याला १८ युरो ३६ सेंट भरतं. तुमचा मुलगाही भरत असणार, विचारून बघा. तो पैसा सरकारच्या अंदाजपत्रकातून जात नाही, हे विशेष. अमेरिकेत उलट झालं. तिथल्या सार्वजनिक टीव्ही-रेडिओला मंजूर झालेले सुमारे ११० कोटी डॉलर तिथल्या काँग्रेसनं जुलै २०२५ मध्ये परत काढून घेतले. आपल्याकडेही एके काळी रेडिओचं आणि टीव्हीचं लायसन्स पोस्टात जाऊन भरावं लागे. तुमच्याकडे ते पुस्तक अजून असेल. ते बंद झालं आणि आपण सुटलो म्हणून खूश झालो. पण त्याबरोबर "माझ्या पैशाचं काय दाखवता?" असं विचारायचा हक्कही आपण पोस्टाच्या खिडकीवर सोडून आलो, असं मला वाटतं. सगळ्यांना पटणार नाही.

पैशाचंच कारण आहे, असं मात्र मी मानत नाही. बोलिव्हियाला माणूस पाठवायला पैसे लागतात, मान्य. पण दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर आठवड्यातून अर्धा तास एक नकाशा, एक निवृत्त राजदूत (मराठी बोलणारे आहेत की!) आणि एक प्रश्न विचारणारा माणूस बसवायला काय लागतं? परराष्ट्र धोरण म्हणजे इंग्रजी, आणि मराठीत शेती-आरोग्य-गाणी, अशी वाटणी कुणीतरी मनात करून ठेवली आहे. बेदाण्याचा सौदा तासगावात होतो, पण दर अफगाणिस्तान आणि चीनच्या मालाकडे बघून हलतो. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यासारख्या गावातून पहिल्या महायुद्धात माणसं गेली आणि त्यातली छेचाळीस परत आली नाहीत. त्या गावाला जग सांगायला दुभाषी लागावा?

वाईत तुमचा ज्येष्ठ नागरिक संघ आहे ना? महिन्यातून एकदा अर्ध्या तासाची इंग्रजी चर्चा लावा आणि दर पाच मिनिटांनी थांबवून कुणीतरी मराठीत सांगा. आता थांबवता येतं, आमच्या वेळी येत नव्हतं. पहिल्या खेपेला मी येते. चहा तुमचा.

आमच्या केबलवर संसद टीव्ही लागतच नाही. काय करावं? (कोरेगाव)

आधी अधिवेशन चालू आहे का ते बघा. तेव्हा सभागृहच दिसतं आणि चर्चेचे कार्यक्रम बाजूला पडतात. लोकांना वाटतं चॅनेल बदललं. मुळातच दिसत नसेल तर केबलवाल्याला सांगा की हे चॅनेल दाखवणं त्याला कायद्यानं बंधनकारक आहे, १९९५ च्या केबल कायद्याचं कलम ८. आवाज चढवू नका, नुसतं कलम सांगा.

माझ्याकडेही दिसत नव्हतं. तीन फोन झाल्यावर एक पोरगा आला, रिमोट घेऊन खाली-खाली जात राहिला आणि कुठल्याशा चारआकडी नंबरावर ते सापडलं. म्हणाला, "काकू, हे कोण बघतं?"

म्हटलं, पलूसचा एक द्राक्षवाला बघणार आहे.