भरपाई, मोबदला की सानुग्रह? जवानाच्या घरच्या अर्जातले शब्द

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातून आलेला प्रश्न असा: ‘शहीद जवानाच्या पत्नीस नुकसानभरपाई भेटावी’ असा अर्ज लिहून दिला, तर ‘सानुग्रह अनुदान लिहा’ म्हणून परत आला. दोन्ही एकच नाही का? आणि ‘शहीद’ बरोबर की ‘हुतात्मा’?

एकच नाही. ‘भरपाई’तली ‘पाई’ पावणे या क्रियापदाची. ‘पावती’ही त्याच घरची. गेलं तेवढं भरून पावलं, हा त्या शब्दाचा गाभा. म्हणून भरपाईला मोजमाप लागतं. पऱ्हाटी पाण्याखाली गेली की तलाठी पंचनामा करतो, क्षेत्र लिहितो, त्यावर रक्कम ठरते. माणूस गेल्यावर असा पंचनामा व्हायचा नाही. ‘मोबदला’ तर अरबी मुबादल्यातून आला, म्हणजे अदलाबदल. धरणात शेत गेलं तर मोबदला. जवानाच्या मृत्यूपुढे हा शब्द कुणीही लिहू नये.

‘सानुग्रह’ म्हणजे स + अनुग्रह. (‘सानुगृह’ नव्हे, गृहाशी त्याचा संबंध नाही.) कायद्याने देणं लागत नसतानाही सरकार आपणहून देतं ती एकरकमी मदत. केंद्राच्या १ जानेवारी २०१६ पासूनच्या दरांत युद्धात शत्रूच्या कारवाईत मृत्यू आल्यास ४५ लाख, सीमेवरच्या चकमकीत ३५ लाख, कर्तव्यावरच्या अपघातात २५ लाख. रक्कम मृत्यूच्या कारणावर ठरते, म्हणून अर्जातलं कारण सैन्याच्या प्रमाणपत्रातल्या शब्दांशी जुळलंच पाहिजे. अनुग्रह गुरूचा घेतात. ज्या घराने मुलगा दिला त्या घरावर अनुग्रह कसला, हा आक्षेप मला पूर्ण पटतो. पण योजनेचं नाव बदलत नाही तोवर अर्जात तेच लिहावं लागेल.

निवृत्तिवेतनाचं मात्र तसं नाही. तो हक्क आहे, मेहेरबानी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८२ मध्ये डी. एस. नकारा यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. आपल्याकडे ‘निराधारचा पगार’ म्हणायची सवय, त्यामुळे अर्जातही ‘पगार चालू करावा’ असं येतं. नुसतं ‘पेन्शन’ लिहिलं तरी भागत नाही, कारण प्रकार तीन आहेत. शत्रूशी लढताना मृत्यू आला तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, शेवटच्या वेतनाइतकं. सैन्यसेवेमुळे आलेल्या इतर मृत्यूला विशेष, ६० टक्के. बाकी साधारण, ३० टक्के. चौकशी करताना प्रकाराचं पूर्ण नाव लिहा.

आता ‘शहीद’. अरबीत मूळ अर्थ साक्ष देणारा. ‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. दोन्ही मराठीत पक्के रुजलेले, आणि वर्धा जिल्ह्यात तर १९४२ च्या आठवणीने आष्टी (शहीद) हे तालुक्याचंच नाव आहे. स्मारकावर, फलकावर यातला कुठलाही लिहा. ‘धारातीर्थी पडले’ तर फारच सुंदर. पण सैन्यदलांच्या कागदांत शहीद नाही, हुतात्माही नाही. तिथला शब्द ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे लढाईत मृत वा जखमी झालेला जवान. तेव्हा वाक्य असं करा (रेकॉर्ड ऑफिस म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणारं सैन्याचं कार्यालय):

‘माझे पती (हुद्दा, सैन्य क्रमांक, नाव) यांचा दि. … रोजी … येथे मृत्यू झाला. रेकॉर्ड ऑफिसने त्यांची नोंद बॅटल कॅज्युअल्टी अशी केली आहे. प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. मला सानुग्रह अनुदान मिळावे.’

‘भेटावे’ बोलण्यात गोडच आहे, अर्जात ‘मिळावे’.

शीर्षकात ‘वीरपत्नी’ खुशाल लिहा, पण त्यापुढचं नाव सैन्याच्या नोंदीत आहे तसंच हवं. अडतं ते बहुधा इथेच: सैन्याच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत मधलं नाव गाळलेलं. तसं असेल तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला नावदुरुस्तीसाठी लिहा, अनुदानाचा अर्ज त्यानंतर.