डी अँड डीच्या कॅम्पेनसाठी मृत्यूचा देव कसा रचावा, जो नुसता खलनायक वाटणार नाही?

तुम्ही डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा भूमिका-खेळ) पाचव्या आवृत्तीत कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठकी चालणाऱ्या गोष्टीसाठी, स्वतःचं जग रचताय. मृत्यूचा देव हवाय, पण काळा झगा आणि कवट्यांचं सिंहासन नको, आणि पार्टीतल्या (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीतल्या) क्लेरिकला, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र टाकणाऱ्या पुजारी-पात्राला, त्याची भक्ती करता यायला हवी. माझं मत असं, की रूप, नाव, दंतकथा हे सगळं नंतर. आधी एवढंच ठरवा: टेबलावरचं पात्र मेलं की हा देव नेमकं काय करतो? खेळाडूंची त्याच्याशी गाठ तिथेच पडते. बारा पानांचा पुराणेतिहास लिहिलात तर तो तुम्ही सोडून कोणी वाचणार नाही.

नियम काय सांगतात ते बघा (आकडे २०१४च्या पुस्तकातले). क्लेरिक ५व्या लेव्हलला (पात्राच्या अनुभवाची पायरी) पोचला की रिव्हिव्हिफाय हा मेलेल्याला उठवणारा मंत्र मिळतो: मेल्यापासून एका मिनिटाच्या आत, खर्ची ३०० गोल्डचे (सोन्याच्या नाण्यांचे) हिरे. ९व्या लेव्हलला रेझ डेड: १० दिवसांच्या आत, ५०० गोल्डचा हिरा. १३व्याला रेझरेक्शन: १०० वर्षांपर्यंत, १,००० गोल्ड. १७व्याला ट्रू रेझरेक्शन: २०० वर्षं, २५,००० गोल्ड. या मुदती आणि हे हिरे कशासाठी, याचं उत्तर ज्या देवाकडे नाही तो नुसता भिंतीवरचा फोटो. तेव्हा देव याच आकड्यांतून घडवा.

नमुना म्हणून एक देवी घेऊ. नाव पैलाई, मृतांना नदीपार नेणारी नावाडीण, अलाइनमेंट (नैतिक कल) लॉफुल न्यूट्रल, म्हणजे नियम पाळणारी, ना भली ना वाईट. मेल्यावर पहिलं मिनिट आत्मा घाटाच्या पायरीवर असतो, अजून नावेत चढलेला नसतो. रिव्हिव्हिफाय म्हणजे हाक मारून मागे बोलावणं. नाव दहा दिवस संथपणे जाते, तोवर ती वळवता येते, म्हणून रेझ डेडला दहा दिवस. हिरा म्हणजे परतीचं भाडं. रेझ डेडनंतर अटॅक, सेव्ह (संकटातून वाचण्याचा डाव) आणि ॲबिलिटी चेक (कौशल्याचा डाव) यांच्या फाशांवर उणे ४ लागतात आणि दर लाँग रेस्टला (रात्रभराची विश्रांती) एकेक कमी होतात. म्हणजे माणूस किनाऱ्यावर आलाय, पण अंगातलं पाणी निथळायला वेळ लागतो. जेंटल रिपोझ या प्रेत टिकवणाऱ्या मंत्राच्या साहित्यात प्रेताच्या डोळ्यांवर ठेवायची तांब्याची दोन नाणी आहेतच. ती आगाऊ भाडं समजा: नाव धक्क्याला बांधून राहते, दिवस मोजले जात नाहीत. एकही नियम बदलला नाही, तरी प्रत्येक मंत्राला देवी चिकटली.

मराठी टेबलावर दहा दिवसांची मुदत ऐकताच दहावा, पिंड, कावळा हे कोणाला तरी आठवणारच. वापरायला हरकत नाही, पण सेशन झीरोमध्ये (खेळ सुरू होण्याआधीची बोलणीची बैठक) आधी विचारून घ्या. ज्याच्या घरी नुकतंच कोणी गेलंय त्याच्यासमोर पिंडाला न शिवणारा कावळा गंमत म्हणून आणू नये.

खरी किल्ली हिऱ्यांच्या पुरवठ्यात आहे. बाजारात हवे तितके हिरे मिळाले तर ५व्या लेव्हलनंतर मरणाला कोणी भीक घालणार नाही. मी असं ठेवीन: तालुक्याच्या गावच्या देवळात ३०० गोल्डचे दोन, राजधानीच्या देवळात ५००चा एक, आणि ते कोणाला द्यायचे हे पुजारी ठरवतात. उलटी चूकही होते. हिरे इतके दुर्मिळ केले की मंत्र नावालाच उरतो, आणि ज्याने हौसेने क्लेरिक घेतला तो वैतागतो. पार्टीजवळ एका वेळी एक हिरा असावा आणि दुसरा कुठे मिळेल ते त्यांना माहीत असावं. हिरा खोटा निघाला हे वळण आणायचंच असेल तर दोन सेशन आधी सराफाच्या तोंडून शंका पेरा. ऐन वेळी उघड केलंत तर ती फसवणूक वाटते.

डेथ सेव्हचे, म्हणजे मरणाच्या दारातल्या पात्रासाठी टाकायच्या फाशाचे, आकडे बदलू नका. शून्य हिट पॉइंटवरच्या (अंगातला जोर संपलेल्या) खेळाडूला डाय (फासा) टाकण्यापलीकडे काम नसतं, त्याला दर वेळी एक वाक्य द्या. पहिलं अपयश: पावलं पाण्यात. दुसरं: वल्ह्याचा आवाज जवळ. तिसरं: बाई हात पुढे करते. १ पडला तर दोन अपयशं, थेट कमरेएवढं पाणी. २० पडला की तिनेच मागे ढकललं, १ हिट पॉइंटवर डोळे उघडले. एकच वाक्य, कारण लढाई चालू आहे आणि बाकीचे वाट बघताहेत.

अनडेडबद्दल (मेल्यावरही हिंडणारे: सांगाडे, भुतं) बहुतेक जण सरसकट "देवाला अनडेड चालत नाहीत" असं लिहितात आणि टेबलावर नेक्रोमॅन्सर (प्रेतं उठवणारा मांत्रिक) आला की अडकतात. भेद करा. आत्मा पार गेला की मागे उरलेली हाडं म्हणजे रिकामं घर. त्यांचा सांगाडा उभा केला तर गुन्हा किरकोळ, नातेवाइकांची परवानगी असेल तर तोही नाही. भूत किंवा व्हँपायर म्हणजे जायला हवा तो आत्मा अडवून ठेवलेला, हा अक्षम्य. ॲनिमेट डेड या सांगाडे उठवणाऱ्या मंत्राचा ताबा २४ तास टिकतो आणि मुदत संपण्याआधी मंत्र पुन्हा टाकला तर चारांपर्यंत सांगाडे ताब्यात राहतात. मग पैलाईचा नियम सोपा: जेवढे सांभाळता येतील तेवढेच उठवा, मोकाट सोडलात तर देऊळ तुमच्या मागे लागेल. नेक्रोमॅन्सर आणि क्लेरिक एकाच पार्टीत भांडत भांडत नांदू शकतात, आणि ते भांडण ऐकण्यासारखं असतं.

पुजाऱ्यांना रोजचं काम द्या, नाहीतर ते फक्त तळघरात मंत्र पुटपुटताना दिसतात. पैलाईचे पुजारी मृत्यूची वही ठेवतात आणि इस्टेटीची वाटणी अकराव्या दिवसाआधी होऊ देत नाहीत, कारण मेलेला परत येऊ शकतो. इथे गोष्टींची खाणच आहे: १३व्या लेव्हलच्या कोणी चाळीस वर्षांपूर्वीचा जमीनदार उठवला तर वाडा कोणाचा? स्पीक विथ डेड या मंत्रात प्रेताला पाचच प्रश्न विचारता येतात आणि त्याच प्रेतावर पुन्हा दहा दिवस तो मंत्र चालत नाही, म्हणून ते प्रश्न कोणी विचारायचे यावर कोतवाल आणि देऊळ यांची ओढाताण. शिवाय मंत्राला प्रेताचं तोंड शाबूत लागतं, त्यामुळे सराईत खुनी जबडा फोडून जातात.

क्लेरिकचं डोमेन (देवाने दिलेल्या शक्तींचा संच) निवडताना २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमधलं डेथ डोमेन टाळा. ते खलनायकांसाठीच दिलंय, नेक्रोटिक (जीव सुकवणाऱ्या) डॅमेजवर बेतलेलं. २०१७मध्ये आलेलं ग्रेव्ह डोमेन घ्या. त्यात शून्य हिट पॉइंटवरच्याला बरं करताना डाय टाकायचेच नाहीत, कमाल आकडा मिळतो; ६व्या लेव्हलला जवळच्या साथीदारावरचा क्रिटिकल हिट (जबर घाव) साधा करता येतो. वेळेआधी कोणी मरू नये आणि वेळ झाल्यावर कोणी अडू नये, हे दोन्ही त्यात आहे.

पुराणांतून उचलायचंच असेल तर यमाचा रेडा किंवा इजिप्तच्या अनुबिसचं कोल्ह्याचं तोंड उचलू नका, पेच उचला. यम नचिकेताला तीन वर देतो, कारण पाहुणा तीन रात्री दारात उपाशी राहिला. म्हणजे मृत्यूही आतिथ्याच्या नियमाला बांधलेला आहे आणि हुशार खेळाडू त्याचा फायदा घेतील. सुमेरी देवी इनन्ना पाताळात उतरते तेव्हा सात दारांवर अंगावरची एकेक वस्तू काढून देते आणि परत येण्यासाठी बदली माणूस द्यावा लागतो. हे तर तयार डंजन आहे: सात खोल्या, प्रत्येक दारावर प्रत्येकाने एक वस्तू किंवा एक स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) सोडायचा. फक्त विझर्डचं (मांत्रिक पात्राचं) स्पेलबुक, म्हणजे मंत्रांची वही, मागू नका, नाहीतर तो गडी उरलेलं सेशन मोबाइल बघत बसेल.

पैलाईला हिट पॉइंट मात्र देऊ नका. स्टॅट ब्लॉक (लढाईच्या आकड्यांचा तक्ता) दिसला की पार्टी तिला मारायच्या योजना आखू लागते. लढायला कोणी हवं असेल तर तिचा एखादा पुजारी बिघडवा: मेलेल्या मुलीचं नाव वहीतून खोडून तिचा आत्मा घाटावर कोंडून ठेवणारा. आत्मा मोकळा नसेल तर रेझ डेड चालत नाही, त्यामुळे गावातलं पहिलं फसलेलं रेझ डेड हाच पार्टीला मिळणारा पहिला धागा.