गोव्यातल्या वेर्ण्यात कारखान्याच्या मशीनवर बोट चिरडलं. कंत्राटदार म्हणतो, 'खासगी डॉक्टर गाठ, खर्च देतो.' ऐकू का?

नको. त्याला अपघाताची नोंदच टाळायची असणार. पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा हप्ता, कापत असतील (पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपये), तर मडगावच्या ईएसआय रुग्णालयात जा आणि 'कामावर लागलं' असंच केसपेपरवर लिहून घ्या. 'घरी पडलो' सांगितलंत की पुढे भांडत बसाल. कंपनीच्या अपघात नोंदवहीत नोंद करायला लावा, पानाचा फोटो काढा, साक्षीदार सहकाऱ्यांची नावं टिपा. डॉक्टरांनी रजेवर ठेवलं तर ईएसआयकडून साधारण 90 टक्के वेतन मिळतं. कालच रुजू झाला असाल तरीही. बोट कायमचं अधू झालं तर वैद्यकीय मंडळ अधूपणाची टक्केवारी ठरवून मासिक रक्कम लावतं. ईएसआय नसेल तर भरपाई मालकाकडून. त्यासाठी पणजीचं कामगार आयुक्तालय.